सिगारेट सोडणे हेही चळवळीचेच काम

आंबेडकरी चळवळीत शोकसभा ही आता नित्याची बाब झाली आहे. चाळिशी-पन्नाशीतला, ऐन उमेदीतला कार्यकर्ता हृदयविकाराने किंवा कर्करोगाने जातो. त्रिसरण-पंचशील होते, मान्यवर आदरांजली वाहतात, चळवळीची कधीही भरून न येणारी हानी झाली असे प्रत्येक वक्ता सांगतो आणि सभा संपते. बाहेर पडल्याबरोबर कोपऱ्यावरच्या टपरीवर चहासोबत सिगारेटी पेटतात. दिवंगत कार्यकर्ता दिवसाला दोन पाकिटे ओढत होता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण ते बोलायचे नाही असा जणू आपला अलिखित ठराव आहे. दारूबद्दल आपण व्यासपीठावरून बोलतो, पथनाट्ये करतो, भीमगीतांतून समाजाला बजावतो. सिगारेटबद्दल मात्र मौन. हे मौन का आणि ते चळवळीला किती महाग पडते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

मौनाचे पहिले कारण म्हणजे एक पळवाट. सिगारेटचा विषय काढला की आपला सुशिक्षित कार्यकर्ता लगेच वकिली युक्तिवाद करतो. तो म्हणतो, पाचवे शील मद्याबद्दल आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, सिगारेटचे नाव नाही. सिगारेटने झिंग येत नाही, तोल जात नाही, कोणी बायकोला मारहाण करत नाही. कंबोडियासारख्या बौद्ध देशात भिक्खूसुद्धा सिगारेट ओढतात. मग आमच्याच मागे का लागता?

हा युक्तिवाद शब्दापुरता बरोबर आहे. तथागतांच्या काळात भारतात तंबाखू नव्हतीच. ते मूळचे अमेरिका खंडातले पीक. पोर्तुगीजांनी ते आपल्याकडे आणले, म्हणजे बुद्धानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी. जी वस्तू अस्तित्वात नव्हती तिचे नाव शीलात कसे येणार? परंतु कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच एक गोष्ट शिकवली जाते. कलमाचा शब्द अपुरा पडत असेल, तर तो कायदा कोणत्या अनिष्टाला आळा घालण्यासाठी केला ते पाहावे. पाचव्या शीलाचा रोख प्रमादावर आहे. चित्त जागृत असावे, ते कोणत्याही वस्तूच्या ताब्यात जाऊ नये, हा त्याचा हेतू. सिगारेट ओढणाऱ्याला झिंग येत नाही हे खरे. पण तीन तासांच्या बैठकीत तो दोनदा उठून बाहेर जातो. रात्री पाकीट संपले तर बाराच्या ठोक्याला पावसात दुकान शोधत हिंडतो. न्यायाधीशांसमोर उलटतपासणी घेताना त्याचे अर्धे लक्ष मधल्या सुट्टीकडे असते. चित्त दुसऱ्याच्या ताब्यात जाणे म्हणतात ते यालाच. तृष्णा हे दुःखाचे कारण आहे, हे आर्यसत्य आपण विहारात दर पौर्णिमेला ऐकतो. ते समजून घ्यायला सिगारेटइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. सिगारेट जो आराम देते, तो आधीच्या सिगारेटने निर्माण केलेल्या बेचैनीवरचा उतारा असतो. म्हणजे रोगही तिचा आणि औषधही तिचेच.

मौनाचे दुसरे कारण अधिक नाजूक आहे. आपल्या वस्त्यांना 'व्यसनी' म्हणून हिणवण्याची सवर्ण समाजाला जुनी खोड आहे. गरिबीचे, घाणेरड्या कामाचे, बेकारीचे मूळ न पाहता दोष आपल्या माणसांच्या स्वभावावर टाकायचा, ही ती रीत. त्यामुळे व्यसनाबद्दल जाहीर बोललो तर विरोधकाच्या हाती कोलीत मिळेल, अशी भीती कार्यकर्त्याला वाटते. ही भीती अनाठायी नाही. मात्र आकडेवारी पाहिली तर तिचे उत्तर सापडते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. एवढी मोठी संख्या एका जातीची किंवा एका वस्तीची असूच शकत नाही. हा सगळ्या देशाचा रोग आहे. गरिबाला तो जास्त छळतो, कारण गरिबाच्या वाट्याला त्याची कारणे जास्त आली आहेत. गटार उपसणारा सफाई कामगार दुर्गंधी सहन व्हावी म्हणून विडी पेटवतो किंवा तंबाखूचा विडा दाढेत धरतो. रात्रपाळीचा मजूर झोप मारायला धूर घेतो. त्याला उपदेश करण्याआधी त्याच्या कामाची जागा बदलण्याचा लढा द्यावा लागेल, आणि तो लढा आपला आहेच. पण व्यासपीठावरच्या, न्यायालयातल्या, महाविद्यालयातल्या, बँकेतल्या आपल्या माणसाला ही सबब लागू पडत नाही.

तंबाखूच्या धंद्याशी आपल्या चळवळीचे नाते नवे नाही. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी मध्य प्रांतातल्या विडी मजुरांना संघटित केले. विड्या वळणाऱ्या हातांना पुरता मोबदला मिळत नाही आणि कारखानदार गब्बर होतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले. 'जयभीम' हा आपला अभिवादनाचा शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ३५ वर्षांचे होते. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी केवढे काम केले, आणि आणखी तीस वर्षे लाभली असती तर काय घडले असते, हा विचार प्रत्येक जयभीमवाल्याने करावा. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. आज आपल्या हातात जे आयुष्य आहे, ते आपण पैसे देऊन जाळतो आहोत.

किती जाळतो, याचा हिशेब वैद्यकशास्त्राने मांडून ठेवला आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ५० वर्षे डॉक्टरांच्याच आयुष्याचा मागोवा घेतला. २००४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षे आधी मरतात, असे आढळले. भारतात प्रभात झा व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातही सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सुमारे १० वर्षांनी, विडी ओढणाऱ्या पुरुषाचे सुमारे ६ वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या स्त्रीचे सुमारे ८ वर्षांनी घटते, असे दिसले. विडी हलकी असते म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

आता पैशाचा हिशेब. एक सिगारेट १५ रुपयांची धरा. दिवसाला २० म्हणजे ३०० रुपये, महिन्याला ९,००० आणि वर्षाला १ लाख ९ हजार ५०० रुपये. बाबासाहेबांनी आपल्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले होते. ४० हजार पगार असलेल्या माणसाचा विसावा हिस्सा होतो २ हजार. ते देताना आपण दहा सबबी सांगतो आणि तंबाखू कंपनीला त्याच्या साडेचारपट रक्कम महिन्याच्या महिन्याला बिनतक्रार पोचवतो. विहाराच्या अभ्यासिकेला पुस्तके नाहीत, स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलाला खोलीभाडे परवडत नाही, आणि दहा कार्यकर्ते मिळून वर्षाला जवळजवळ ११ लाख रुपयांचा धूर करतात.

मग सोडायची कशी? मी स्वतः बावीस वर्षे सिगारेट ओढली. रोजच्या वीस, मोठा खटला असला की तीस. सोडून आता पाच वर्षे झाली. त्या अनुभवावरून सांगतो की नुसत्या निश्चयावर हे काम सोपवू नये. धूर ओढल्यावर निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते. वर्षानुवर्षे त्याची सवय झालेला मेंदू ते एकाएकी बंद झाल्यावर बंड करतो. चिडचिड होते, झोप मोडते, लक्ष लागत नाही, भूक वाढते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. मी न्यायालयाच्या उन्हाळी सुट्टीतला पहिला सोमवार निवडला, कारण पक्षकार, बारचे मित्र आणि बाहेरची टपरी हे तिन्ही त्या काळात समोर नसतात. प्रत्येकाने आपल्या सिगारेटी कुठे आणि कोणासोबत पेटतात याची आठवडाभर वहीत नोंद ठेवावी आणि मग तारीख ठरवावी. चौदा ऑक्टोबर असो, चौदा एप्रिल असो की साधा सोमवार असो, तारीख घरच्यांना सांगून ठेवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा मानू नये. मधुमेहाला आपण गोळी घेतोच ना? झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला सिगारेट लागते, त्याचे अवलंबन पक्के झालेले असते. अशांना निकोटीनचा च्युइंगम, त्वचेवर लावायची पट्टी किंवा गोळ्या यांचा उपयोग होतो. कोणते, किती आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. मला च्युइंगम बारा आठवडे लागले. तो नेहमीच्या च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून गालात धरून ठेवायचा असतो.

तिसरी गोष्ट धम्माने दिली आहे, ती म्हणजे श्वासाकडे पाहणे. तलफ येते, चढते आणि चार-पाच मिनिटांत उतरते. तिच्याशी झटापट न करता, ती शरीरात कुठे जाणवते हे शांतपणे पाहिले की तिचे अनित्य रूप डोळ्यांसमोर दिसते. अनित्यतेवरची दहा प्रवचने ऐकून जे पटले नव्हते, ते मला पहिल्या आठवड्यात पटले. कोणाची पहिल्या प्रयत्नात सुटली नाही, तर त्याने स्वतःला पापी समजू नये. आपल्या धम्मात पाप-पुण्याचा खतावणीकार नाही. पुन्हा तारीख ठरवावी. अनेकांची तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात सुटते.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. सिगारेट सोडून तंबाखू-चुना, गुटखा किंवा मिश्री धरणे म्हणजे सोडणे नव्हे. वर सांगितलेल्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के आढळले. तोंडाच्या कर्करोगाचा रस्ता तिथूनच जातो. ई-सिगारेटवरही २०१९ पासून देशात बंदी आहे.

सोडल्याचा लाभ कधी मिळतो? त्याच दिवशी सुरू होतो. वीस मिनिटांत नाडीचे ठोके खाली येतात. बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड सामान्य पातळीवर येतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्मा होतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. डॉल यांच्या अभ्यासानुसार चाळिशीत सोडणाऱ्याला सुमारे ९ वर्षे परत मिळतात, पन्नाशीत सोडणाऱ्याला ६ आणि साठीत सोडणाऱ्यालाही ३. 'आता सोडून काय उपयोग' म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. तीन वर्षांत एक पुस्तक लिहून होते.

संघटना म्हणून आपण काय करू शकतो? कायदा आपल्या बाजूने आहे. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी निकाल दिला. जो धूम्रपान करत नाही त्याने दुसऱ्याच्या धुराने का मरावे, असा प्रश्न संविधानाच्या २१ व्या कलमाच्या आधारे उपस्थित करून न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी ती पक्की झाली. दंड २०० रुपयांपर्यंत आहे. विहाराचे सभागृह, समाजमंदिर, वाचनालय ही सगळी सार्वजनिक ठिकाणे आहेत. तिथे फलक लावणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्यच आहे. शाळा-महाविद्यालयापासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि १८ वर्षांखालील मुलाला कुठेच विकता येत नाही. महाराष्ट्रात २०२० पासून सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकण्यास मनाई आहे, कारण पोरांची सुरुवात सुट्या सिगारेटनेच होते. आपल्या वस्तीतल्या शाळेसमोरची टपरी बंद करण्यासाठी साधा अर्ज लागतो. टपरीवाला आपलाच माणूस असेल, तर त्याला दुसरा माल ठेवण्यासाठी मदत करावी, म्हणजे कोणाच्या पोटावर पाय येणार नाही. सोडू इच्छिणाऱ्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. हा क्रमांक पाकिटावरच्या इशाऱ्यातही छापला गेला आहे. तो प्रत्येक विहाराच्या फलकावर असावा.

आणि प्रत्येक शाखेने एवढे तरी करावे. येत्या वर्षावासात तीन महिने शाखेतल्या ओढणाऱ्यांनी एकत्र बसावे, कोणी किती दिवस काढले ते एकमेकांना सांगावे, आणि वाचलेले पैसे एका डब्यात टाकावेत. वर्षावास संपल्यावर तो डबा वस्तीतल्या मुलांसमोर उघडावा आणि त्या पैशाची पुस्तके आणावीत. विद्रोह करायचा तर जुलमी व्यवस्थेविरुद्ध करावा, आणि त्यासाठी फुप्फुसात दम लागतो.

जयभीम!