दीडशे लिटरचं घर

अमेरिकेत भाड्याने मिळणाऱ्या २५ फुटी मोटरहोमच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, साधारण १५० लिटरची. दुसरी बेसिन आणि शॉवरच्या सांडपाण्याची, तिला ग्रे टँक म्हणतात. तिसरी संडासाची, ब्लॅक टँक. गाडी ताब्यात देणारा माणूस कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते दाखवत असतो, तेव्हा घरातली निम्मी मंडळी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर कोण झोपणार यावरून वाद घालत असते. मग लास व्हेगास मागे पडतं, युटाचा लाल दगड दिसू लागतो, आणि दोन-तीन दिवसांत कळून चुकतं की आपला मुक्काम कुठे आणि किती, हे त्या टाक्याच ठरवणार आहेत.

हिशेब सोपा आहे. आई-बाबा, मुलगा-सून आणि नात, अशी ५ माणसं. ३ दिवस. माणशी रोजचे १० लिटर. त्यात दात घासणं, भांडी, संडास, आंघोळ सगळं आलं. वाळवंटात रोज माणशी निदान एक गॅलन, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर पाणी नुसतं प्यायला ठेवा, असं नॅशनल पार्क सर्व्हिस बजावते. म्हणून जाणती मंडळी पिण्याचं पाणी कॅनमधून वेगळं नेतात. शॉवर म्हणजे अंग ओलं करून नळ बंद, साबण लावून झाला की पुन्हा जेमतेम मिनिटभर नळ. टँकरची वाट पाहिलेल्या आजी-आजोबांना हे शिकवावं लागत नाही. सॅन होजेत वाढलेल्या नातीला लागतं.

आपल्या घरांच्या अडचणी आणखी वेगळ्या. संडासात पाण्याने धुण्याची सवय असेल तर ब्लॅक टँक माहितीपत्रकातल्या अंदाजापेक्षा बरीच आधी भरते आणि ती रिकामी करायला डंप स्टेशन शोधत फिरावं लागतं. फोडणी दिली की डोक्यावरचा धुराचा अलार्म कोकलतो. तेलकट कढई धुवायला लागणारं पाणी दोनदा मोजावं लागतं, एकदा चांगल्या टाकीतून गेलेलं आणि एकदा ग्रे टाकीत आलेलं. कढई आधी कागदाने पुसून घ्यावी, हा सल्ला कुठल्याही प्रेक्षणीय स्थळाच्या यादीपेक्षा मोलाचा आहे.

विजेची गोष्ट पाण्यासारखीच. राष्ट्रीय उद्यानांतल्या बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये गाडीला जोडायला वीज नसते. छतावरचा एसी चालवायचा तर जनरेटर हवा, आणि जनरेटरला ठरावीक तासांचीच परवानगी असते. म्हणजे जुलैच्या रात्री बाहेर तिशीच्या वर पारा असताना बंद डब्यात पाच माणसं. नेमकी इथेच मराठी कुटुंबांची पंचाईत होते. शाळांना सुट्टी जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबाही थंडी टाळायला उन्हाळाच गाठतात. वाळवंटाला मात्र एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मानवतो. डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली आणि तो आजही अधिकृत जागतिक विक्रम आहे. उन्हाळ्यात तिथे आपली गाडी नेऊ नका, असं भाड्याच्या करारातच लिहिलेलं आढळतं. ते मोडून जाण्यात मला काहीच शौर्य दिसत नाही.

या कोरड्या मुलखातली गंमत अशी, की इथलं जे जे बघायला आपण जातो ते सगळं पाण्याने कोरलेलं आहे. युटातल्या झायन उद्यानाची सहाशे मीटर खोल घळ व्हर्जिन नदीने कापली, आणि ती नदी एरवी गुडघाभर पाण्यातून चालत ओलांडता येते. पण जुलै ते सप्टेंबर हा तिथला मान्सून. पाऊस दूरच्या उघड्या खडकावर पडतो, मुरायला मातीच नसते, आणि डोक्यावर निळं आकाश असतानाही अरुंद घळीत लोंढा येऊ शकतो. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये अशा लोंढ्यात सात जण गेले. एकीकडे टाकीतल्या थेंबाथेंबाचा हिशेब आणि दुसरीकडे ढग बघून घळीबाहेर पळणं, हे दोन्ही एकाच दिवसात करावं लागतं.

ब्राइस कॅन्यन उद्यानात काम करतं ते गोठणारं पाणी. कड्याची उंची आठ-नऊ हजार फूट, त्यामुळे वर्षातल्या कितीतरी दिवसांत दुपारी बर्फ वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, भेगा रुंदावतात, भिंतीच्या खिडक्या होतात आणि खिडक्यांचे खांब. त्या नारिंगी खांबांना हूडू म्हणतात. ऑक्टोबरच्या रात्री हेच पाणी मोटरहोमचे पाइपही फोडू शकतं, तेव्हा थंडीचा अंदाज असेल तर बाहेरचा होज काढून ठेवावा. आर्चेस उद्यानात दोन हजारांहून जास्त दगडी कमानी आहेत. तळाशी प्राचीन समुद्राने सोडलेला मिठाचा जाड थर सरकला, वरचा खडक उभा चिरला आणि पावसाने उरलेलं काम केलं. ते अजून चालू आहे. ऑगस्ट २००८ मध्ये वॉल आर्च नावाची कमान एका रात्रीत कोसळली.

झायनहून ब्राइसला जाताना नकाशावर जवळचा रस्ता दिसतो, त्याच्या नादी लागू नये. तो १९३० साली खुला झालेल्या झायन-माउंट कार्मेल बोगद्यातून जातो, आणि बोगदा त्या काळातल्या मोटारींच्या मापाचा आहे. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडी आपल्या लेनमध्ये मावत नाही, म्हणजे भाड्याची बहुतेक मोटरहोम बाद. पूर्वी रेंजर समोरची वाहतूक थांबवून परवान्यावर सोडायचे. जून २०२६ पासून मोठ्या गाड्यांना हा रस्ताच बंद करण्याचा निर्णय झाला आहे. दक्षिणेकडून, कनॅब गावावरून वळसा घ्यावा लागतो.

या सगळ्या चाकांवर राग असलेला एक माणूस आर्चेसमध्येच राहून गेला. लेखक एडवर्ड अ‍ॅबी पन्नासच्या दशकात तिथे हंगामी रेंजर होता, आणि १९६८ च्या ‘डेझर्ट सॉलिटेअर’ या पुस्तकात त्याने राष्ट्रीय उद्यानांतून मोटारी हद्दपार करा अशी मागणी केली. स्वतः तो राहायचा सरकारी ट्रेलरमध्ये, हा भाग सोडू. त्याचं म्हणणं मला अर्धं पटतं. गुडघे दुखणाऱ्या आजीला तिथली डेलिकेट आर्च ही कमान लांबून तरी दिसते ती रस्ता आहे म्हणूनच. पण चाकांनी काय होतं हे त्याच्याही आधी एमिलिओ माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं. गाड्या वाटेल तिथे उभ्या राहिल्या की माती दडपते, पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाडं वाळतात. १९३२ मध्ये त्याने उपाय मांडला: एकेरी वळणाचा रस्ता, प्रत्येकाला आखून दिलेली जागा, कडेला ओंडके नाहीतर दगड, जागेवर पक्कं टेबल आणि चूल. आज मोटरहोम मागे घेताना नवरा-बायकोत जी बाचाबाची होते ती या आखणीमुळेच. युटात तर माती जिवंतच असते. सूक्ष्मजीवांनी बांधलेली काळसर, खडबडीत साय जमिनीवर असते, ती ओल धरते आणि वाळू उडू देत नाही. तिच्यावरचा एक पाय भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

कॅपिटल रीफ हे उद्यान घाईतले लोक गाळतात. गाळू नये. फ्रेमाँट नदीकाठच्या फ्रुटा या जागी मॉर्मन कुटुंबांनी पाट काढून फळबागा लावल्या, त्या पार्क सर्व्हिसने जपल्या आहेत. हंगामात जर्दाळू, पीच, सफरचंद स्वतः तोडून घ्यायचं, बागेत उभ्याने खाल्लं तर फुकट, घरी न्यायचं तर थोडे पैसे. कॅम्पग्राउंड बागांना लागूनच आहे आणि महिनोन्‌महिने आधी भरतं.

खर्चाचं एक वाक्य. जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरला झाला, अमेरिकेतल्या रहिवाशांना तो ८० लाच आहे. पास नसेल तर झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन धरून ११ उद्यानांत परदेशी पाहुण्याला माणशी १०० डॉलर जादा.

शेवटचा टप्पा बहुतेकांचा ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा असतो. खाली कोलोरॅडो नदी वाहते, पण कड्यावरचा नळ तिच्या पाण्यावर चालत नाही. समोरच्या कड्याखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यातून साठच्या दशकात बांधायला घेतलेली वीसेक किलोमीटरची पाइपलाइन दरी ओलांडून येते आणि वारंवार फुटते. २०२४ च्या ऑगस्टअखेर ती एकदम चार ठिकाणी फुटली, तेव्हा ऐन सुट्टीच्या गर्दीत कड्यावरची हॉटेलं बंद करावी लागली. कॅम्पग्राउंडमध्ये नळ बंद, पण ज्यांच्या गाडीत स्वतःचं पाणी होतं त्यांना राहू दिलं. नव्या लाइनचं काम चालू आहे. तोवर टाकी आधीच्या मुक्कामी भरून मगच कड्यावर जावं, आणि नळाला पाणी असलंच तर केस धुवावेत.