पावणेदोन मिलिमीटरचे द.पू.म.रे.

मागच्या भागात मॉडेलच्या रेल्वेडब्याला रंग चढला. आता त्यावर नाव आणि क्रमांक हवेत. किटसोबत येणारे डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रपट्ट्या, बहुधा युरोप-अमेरिकेतल्या गाड्यांच्या असतात. रायपूर–धमतरीच्या छोट्या लाइनचा डबा करायचा तर अक्षरे घरीच छापावी लागतात.

ही लाइन 1900 साली बंगाल नागपूर रेल्वेने सुरू केली. रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. मॉडेलच्या 1:87 या प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर भरते. रायपूर शहरातला तिचा मार्ग उखडून तिथे एक्स्प्रेस-वे झाला आणि 2025 पासून रायपूर–अभनपूर मेमू ब्रॉडगेजवर धावते. त्यामुळे रायपूरच्या समता कॉलोनीतून उठून स्टेशनवर जावे आणि अक्षरे मोजून यावीत, ही सोय संपली. आता आधार जुन्या फोटोंचा, नाहीतर नागपूरच्या मोतीबाग नॅरोगेज संग्रहालयातल्या गाड्यांचा.

आधी साल ठरवा. 1955 ते 2003 ही लाइन दक्षिण पूर्व रेल्वेकडे होती. बिलासपूर मुख्यालय असलेली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, म्हणजे द.पू.म.रे., आली ती 2003 मध्ये. 1975 सालच्या डब्यावर द.पू.म.रे. दिसले, तर बाकीची मेहनत फुकट!

मूळ डब्यावर 15 सेंटिमीटर उंच असलेले अक्षर मॉडेलवर जेमतेम पावणेदोन मिलिमीटर होते. 600 डीपीआयच्या प्रिंटरला त्या उंचीत सुमारे चाळीस ठिपके मिळतात. त्यातच ‘पू’चा उकार आणि ‘रे’ची मात्रा बसवायची, म्हणून फोटोशॉपपेक्षा इंकस्केपसारखे रेषांवर चालणारे सॉफ्टवेअर बरे. ते फुकटही मिळते. छपाई दुकानात करायची असेल तर मजकुराचे ‘पाथ’मध्ये रूपांतर करूनच फाइल न्या, त्या संगणकावर तुमचा फाँट नसला की मात्रा कुठल्या कुठे जातात.

खरी गोची पांढऱ्या रंगाची. घरातला प्रिंटर पांढरे छापतच नाही, तो कागदाचा पांढरा तसाच सोडतो. पारदर्शक डिकल पेपरवर पांढरे अक्षर म्हणजे नुसती मोकळी जागा. पिवळ्याचीही तीच गत: शाई अर्धपारदर्शक असल्याने निळ्या डब्यावर ते हिरवट दिसते. जपानच्या आल्प्स कंपनीचे प्रिंटर पांढरी रिबन वापरत, पण त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले. पांढऱ्या टोनरची यंत्रे आहेत, ती हौशी खिशाला परवडत नाहीत. मग उरतो पांढरा डिकल पेपर. त्यावर अक्षरांभोवती डब्याचाच रंग छापायचा आणि त्या रंगाच्या आत कातरायचे. रंग मात्र तंतोतंत जुळला पाहिजे. त्यासाठी एकाच निळ्याच्या दहा-बारा छटांचे चौकोन त्याच कागदावर छापावेत, वर लॅकर मारावे आणि डब्याशेजारी धरून उन्हात निवड करावी. ट्यूबलाइटखाली केलेली निवड हमखास फसते.

कागद घेताना इंकजेटचा की लेसरचा, हे पाहाच. इंकजेटचा कागद लेसर यंत्रात घातला तर आतल्या उष्णतेने वितळून रोलरला चिकटू शकतो, आणि दुकानदाराचे बोलणे ऐकावे लागते ते वेगळेच. इंकजेटची शाई पाण्यात पसरते. छपाई पूर्ण वाळली की पारदर्शक ॲक्रिलिक लॅकरचे दोन-तीन पातळ हात हवेतच.

लॅकरला रायपूरची हवा मानवत नाही. पावसाळ्यात दमटपणाने ते दुधट होते, मे महिन्याच्या दुपारी फवारा हवेतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि पावसाळ्यात उघडीप पाहून हे काम उरकावे.

डिकल बसवण्याआधी डब्यावर चकचकीत लॅकर हवे. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी झाक दिसते. पट्टी कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढून थांबा, आणि कागदावरून आपोआप सरकू लागली की ओल्या ब्रशने जागेवर न्या. पांढऱ्या पेपरची कापलेली कड पांढरीच दिसते. तिच्यावरून डब्याच्याच रंगाचा बारीक ब्रश फिरवा. पुढच्या आठवड्यात या नव्याकोऱ्या डब्याला धूळ आणि गंज चढवू. तोवर त्यावर मॅट लॅकर मारून तो नीट वाळू द्या.