कोळशातले पान आणि पिसदुऱ्याचे शेण

आमचे वडील कोळसा खाणीत होते. एकदा ड्युटीवरून येताना डब्याच्या पिशवीत एक काळा, पाटीसारखा दगड घेऊन आले. त्यावर पानाचा ठसा होता, मधली शीर अगदी स्पष्ट. आईने तो बरीच वर्षे माठाखाली ठेवला. पुढे क्वार्टर सोडताना तो कुठे गेला, कुणालाच आठवत नाही.

ते पान कशाचे, हे मला फार उशिरा कळले. ग्लॉसोप्टेरिस नावाची ही झाडे पंचवीस कोटी वर्षांहूनही आधी आपल्याकडच्या दलदलीत वाढत होती. ती जंगले गाडली गेली, त्यांचा बल्लारपूर-घुग्घुसचा कोळसा झाला. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात मेले, तेव्हा त्यांच्या सामानात सोळा किलो दगड निघाले. पाऊल उचलत नव्हते, तरी त्यांनी ते ओझे टाकले नव्हते. त्या दगडांत हेच पान होते! भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका ही भूमी एके काळी जोडलेली होती, याचा तो पुरावा ठरला. त्या भूमीला जगभरच्या पुस्तकांत गोंडवन म्हणतात. नाव आले ते गोंडांच्या मुलखावरून. चांद्याच्या किल्ल्याजवळ राहणाऱ्या किती पोरांना हे शाळेत सांगितले जाते?

वाचकहो, वरोरा तालुक्यातले पिसदुरा गाव तर त्याहून नवलाचे. तिथल्या शेतांत डायनासोरची हाडे सापडली आणि दगड झालेले शेणही सापडले. हसू नका. २००५ साली लखनौच्या डॉ. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शेण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यात गवताचे अवशेष मिळाले, तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. डायनासोरच्या काळात गवत नव्हतेच, असे तोवर मानले जाई. ते मत पिसदुऱ्याच्या शेणाने बदलले. पुढे २०११ मध्ये अशाच अवशेषांत भाताच्या कुळातले गवतही ओळखले गेले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आपण धानपट्ट्यातली माणसे, आपल्याला याचे कौतुक वाटायलाच हवे.

खाली सिरोंचाकडे गेलात की काळ आणखी मागे जातो. प्राणहितेच्या खोऱ्यात पोचमपल्लीजवळ १९५८ पासून तीन-चार वर्षांत सुमारे तीनशे हाडे निघाली. निदान सहा जनावरांची, मोठमोठ्या झाडांच्या दगडी खोडांबरोबर पडलेली. एक मांडीचे हाड १.७ मीटर, म्हणजे उभ्या माणसाएवढे. नाव ठेवले बारापासॉरस टागोराय. बंगालीत ‘बारा’ म्हणजे मोठा आणि ‘पा’ म्हणजे पाय. नाहीतर आपली पोरे बारा पाय मोजत बसतील! १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते, म्हणून पुढचा शब्द.

हा सांगाडा आज उभा आहे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. दुसरा, कोटासॉरस, हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात आहे. त्याचे नाव ज्या खडकावरून पडले, त्या खडकाला सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावाचे नाव आहे. विद्वानांनी हाडे जपली, जोडली, त्याबद्दल तक्रार नाही. पण अहेरीच्या मजुराच्या मुलीने आपल्याच नदीकाठचे जनावर पाहायला कोलकात्याचे तिकीट काढावे, हे मनाला पटत नाही. निदान एक नक्कल तरी इकडे हवी.

तोवर जे जवळ आहे ते दाखवा. सिरोंचाजवळ वडधमला वनखात्याचे जीवाश्म उद्यान आहे. दगड झालेली झाडांची खोडे तिथे पाहता येतात. आलापल्लीहून सिरोंचा जवळपास शंभर किलोमीटर, तेव्हा डबा आणि पाणी सोबत घ्या. नागपूरला जाल तेव्हा अजब बंगल्यासाठी अर्धा दिवस काढा. १८६३ पासूनचे हे संग्रहालय आहे. पोरे पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी रेंगाळतील, त्यांना दगडांच्या दालनातही न्या.

आणि शेतात, नाल्यात असा काही दगड दिसला तर फोडू नका, घरीही आणू नका. कुठल्या थरात, कुठल्या जागी होता, हे हरवले की अभ्यासकाला त्याचा उपयोग राहत नाही. जागेवरच फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल, गावाचे आणि शिवाराचे नाव लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. आमच्या माठाखालच्या दगडाची खाण कोणती, थर कोणता, हे वडिलांना कुणी विचारलेच नव्हते.