चौकात महापुरुषांचा पुतळा बसवायला इतक्या परवानग्या, मग सेल्फी पॉइंट पटकन कसा उभा राहतो?

यवतमाळ जिल्ह्यात पत्ता सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. "पुतळ्यापाशी उतरा, तिथून डाव्या हाताला या." कुणाचा पुतळा, हे सांगायची गरज पडत नाही. गावातल्या माणसाला ते माहितीच असतं आणि बाहेरच्याला तिथे उतरल्यावर कळतं.

नागपूर-तुळजापूर हायवेने निघालात की कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड अशी गावं लागतात. छत्रपती शिवाजी महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तर महाराष्ट्रात सगळीकडेच भेटतात. पण पुसद-दिग्रसकडे बंजारा समाज मोठा, त्यामुळे तिकडे संत सेवालाल महाराज आणि वसंतराव नाईक यांचा मान वेगळा. नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, १९६३ ते १९७५ अशी सलग ११ वर्षांहून जास्त मुख्यमंत्री राहिलेले. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणीकडे गोंड आणि कोलाम समाज, तिथे बिरसा मुंडा.

१५ फेब्रुवारी, १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, १ जुलै, १५ नोव्हेंबर. या जयंत्यांना गावाचा कार्यक्रम सुरू होतो तो पुतळ्याला हार घालूनच. ज्या समाजाचा माणूस चौकात उभा नाही, त्या समाजाला ती जागा मोकळी वाटते. मागणी येते ती इथून.

पण मागणी आली म्हणून पुतळा बसवता येतो का?

सुप्रीम कोर्टाने काय सांगितलंय?

१८ जानेवारी २०१३ ला सुप्रीम कोर्टाने एक आदेश दिला. विषय केरळचा होता. तिथे हायवेलगत एका दिवंगत नेत्याचा पुतळा बसवायला राज्य सरकार परवानगी मागत होतं. कोर्टाने ती दिली नाहीच, उलट सगळ्या राज्यांना सांगितलं की सार्वजनिक रस्ते, फूटपाथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर यापुढे पुतळा किंवा इतर बांधकामाला परवानगी द्यायची नाही.

मात्र याच आदेशात एक सूट आहे. पथदिवे, वाहतूक, टोल, सार्वजनिक सोयी आणि रस्त्यांचं सौंदर्यीकरण यासाठीच्या कामांना ही बंदी लागू नाही.

शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडतं. कारंजं, रंगीत दिवे, गावाच्या नावाची मोठी अक्षरं, सेल्फी पॉइंट हे सगळं 'सौंदर्यीकरण' या खात्यात बसवता येतं. त्याला निधी आणि प्रशासकीय मान्यता लागतेच, पण महापुरुषांच्या पुतळ्यासारखी तपासणी होत नाही.

ती तपासणी काय असते?

महाराष्ट्र सरकारने २ मे २०१७ ला पुतळ्यांसाठी मार्गदर्शक सूचनांचा शासन निर्णय काढला. सोप्या भाषेत त्याचा मथितार्थ असा:

- जागा कुणाची आहे ते स्पष्ट हवं, मालकाची संमती आणि स्थानिक स्वराज्य संस्थेचा ठराव हवा.
- पोलिसांचं ना हरकत प्रमाणपत्र हवं. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न येणार नाही आणि वाहतूक अडणार नाही, हे बघितलं जातं.
- पुतळ्याचं मातीचं मॉडेल कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावं लागतं.
- देखभाल कोण करणार, हे आधीच लिहून द्यावं लागतं.

प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जातो.

मातीच्या मॉडेलवर भर का? कारण पुतळा एकदा ओतला की चेहरा बदलत नाही. शिल्पकार आधी मातीत काम करतो, त्यावरून साचा काढतो, साच्यातून मेणाची प्रत घेतो आणि मेण वितळवून त्या पोकळीत ब्राँझ ओततो. मोठा पुतळा असा तुकड्या-तुकड्यांत ओतून मग जोडला जातो. चेहरा जमला नसेल, तर बोट ठेवायची शेवटची स्वस्त वेळ मातीच्या टप्प्यावर असते.

वर्गणी कमी पडली की फायबर किंवा सिमेंटचा पुतळा करून त्यावर सोनेरी रंग दिला जातो. यवतमाळच्या उन्हात हा रंग फार काळ टिकत नाही. मग फिकट रंगाचा, तडे गेलेला चेहरा दिसतो आणि विटंबना झाल्याची अफवा पसरायला एक फोटो पुरतो.

नियम वगळले की काय होतं?

शेजारच्या अमरावतीत जानेवारी २०२२ मध्ये राजापेठ उड्डाणपुलावर परवानगीशिवाय शिवाजी महाराजांचा पुतळा बसवण्यात आला. महापालिकेने काही दिवसांतच तो हटवला. वातावरण तापलं आणि पुढच्याच महिन्यात महापालिका आयुक्तांवर शाई फेकण्यात आली.

दुसरं उदाहरण मालवणचं. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा. अनावरण ४ डिसेंबर २०२३, कोसळला २६ ऑगस्ट २०२४ ला. म्हणजे नऊ महिनेही टिकला नाही. नट-बोल्ट गंजत असल्याचं सार्वजनिक बांधकाम विभागाने काही दिवस आधीच नौदलाला कळवलं होतं.

अमरावतीत प्रश्न परवानगीचा होता, मालवणात मजबुतीचा. दोन्हीकडे मनस्ताप झाला तो महाराजांना मानणाऱ्या लोकांनाच.

विदर्भातली हटके शिल्पं

महापुरुषांशिवाय रस्त्याकडेला दुसरं काही नसतंच, असंही नाही.

नागपूरचा झिरो माईल घ्या. ब्रिटिशांच्या काळातला सर्वेक्षणाचा खांब आणि त्याच्याजवळ चार घोडे. शहराची ओळखच झालीय ती.

बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्यात हायवेलगत मंदिराच्या आवारात १०५ फुटी हनुमान उभा आहे. जुन्या गावात वेशीवर मारुती असायचा. आता वेस हायवेवर आली, तसा मारुतीही मोठा झाला.

वर्ध्यात भंगारातल्या लोखंडापासून गांधीजी आणि विनोबा साकारलेत. दिग्रसहून जवळ असलेल्या वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला तर अख्खं संग्रहालयच नंगाऱ्याच्या आकारात बांधलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. नंगारा हे बंजारा समाजाचं वाद्य. माणसाचा पुतळा न करताही समाजाची ओळख चारचौघांत मांडता येते, हे ही इमारत दाखवते.

घोड्याच्या पायांचा तो मेसेज खरा आहे का?

व्हॉट्सअॅपवर दर जयंतीला फिरणारा मेसेज तुम्हीही वाचला असेल. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर असतील तर योद्धा रणांगणात गेला, एक पाय वर असेल तर जखमांमुळे गेला, चारही पाय जमिनीवर असतील तर नैसर्गिक मृत्यू.

असा कुठलाही नियम नाही. शिवाजी महाराजांचं निधन १६८० मध्ये रायगडावर आजारपणात झालं. या हिशेबाने त्यांच्या प्रत्येक पुतळ्यात घोड्याचे चारही पाय जमिनीवर हवे होते. प्रत्यक्षात कुठे एक पाय उचललेला दिसतो, कुठे दोन. पायांची ठेवण शिल्पकाराची कल्पना आणि पुतळ्याचा तोल यावर ठरते. दोन्ही पाय उचलले की सगळं वजन मागच्या पायांवर, कधी शेपटीवरही येतं, म्हणून आतला सांगाडा तेवढा भक्कम लागतो.

मग गावाने काय करायचं?

पुतळा गेला तरी नाव मागे राहतं. मुंबईतल्या काळा घोडा चौकातून सातव्या एडवर्ड राजाचा पुतळा १९६५ मध्ये हलवला, तरी लोक काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा आला, पण स्वाराशिवाय. एकदा बसवलेलं शिल्प गावाला पिढ्यान्‌पिढ्या चिकटतं, ते असं.

म्हणून पुतळ्यासाठी वर्गणीची पावती फाडण्याआधी ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. जागा कुणाच्या नावावर आहे? मातीचं मॉडेल मंजूर झालं का? आतला सांगाडा आणि चौथरा इंजिनिअरने तपासला का? आणि दहा वर्षांनी रंगरंगोटी, दुरुस्ती कोण करणार? सेल्फी पॉइंटचं काम निघालं, तर त्यातला शेवटचा प्रश्न तिथेही विचारा.