भंडाऱ्यात घर घेऊन किरायाने द्यायचंय? आधी रिकामे महिने मोजा, मग कागद बघा

निवृत्तीचे पैसे आले, शेताचा तुकडा विकला किंवा पगारातून थोडी बचत झाली, की भंडारा जिल्ह्यात एक सल्ला हमखास मिळतो. "एखादं घर घेऊन टाका, किराया येत राहील." बँकेतली ठेव डोळ्यांना दिसत नाही, घर दिसतं. त्यामुळे हा सल्ला पटतोही लवकर.

पण किराया खरंच किती उरतो? आणि किरायेदाराने घर सोडलंच नाही तर? या दोन प्रश्नांची उत्तरं घर घेण्याआधी माहीत असलेली बरी.

किराया देणार कोण?

भंडारा हे जिल्ह्याचं ठिकाण. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा रुग्णालय, बँका आणि कॉलेज इथे आहेत. जवळच जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे आणि वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॉइलच्या मँगनीज खाणी आहेत. म्हणजे नोकरीसाठी बाहेरून येणारी माणसं आहेत.

पण दुसरी बाजूही आहे. नागपूर इथून साधारण ६० किलोमीटरवर. राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वे दोन्ही हाताशी असल्याने अनेक नोकरदार नागपूरला घर ठेवून रोज अप-डाऊन करतात. नोकरी भंडाऱ्यात आहे म्हणून माणूस भंडाऱ्यात घर शोधेलच असं नाही. आयुध निर्माणीच्या तर स्वतःच्या क्वार्टर्स आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे 'इथे मोठा प्रकल्प येतोय' ही बातमी. साकोलीजवळच्या मुंडीपारला 'भेल'च्या प्रकल्पाचं भूमिपूजन २०१३ मध्ये झालं. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, पण कारखाना काही सुरू झाला नाही. किराया देतो तो आज तिथे नोकरी करणारा माणूस. उद्याच्या घोषणेवर घर घेतलं तर हप्ते आजपासून सुरू होतात आणि किरायेदाराची वाट बघत बसावं लागतं.

गणित कसं मांडायचं?

समजा, २० लाखांचं दोन भागांचं घर घेतलं. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि सुरुवातीची डागडुजी धरून एकूण खर्च २१ लाख ५० हजार झाला. दोन्ही भागांना दरमहा ५ हजार मिळतात असं धरू. कागदावर वर्षाचे १ लाख २० हजार झाले.

आता वजाबाकी. प्रत्येक भाग वर्षात एक महिना रिकामा राहिला तर १० हजार गेले. घरटॅक्सचे ६ हजार. रंग, नळ, मोटर, गळती यांचे १४ हजार. हातात उरले ९० हजार, म्हणजे गुंतवलेल्या पैशावर वर्षाला सव्वाचार टक्क्यांपेक्षाही थोडे कमीच.

कर्ज काढलं तर चित्र आणखी बदलतं. १५ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज आणि १५ वर्षं मुदत धरली तर हप्ता साधारण १५,२०० रुपये येतो. उरलेला किराया महिन्याला सरासरी ७,५०० रुपये. म्हणजे दर महिन्याला सात हजारांहून जास्त रक्कम स्वतःच्या खिशातून भरायची. ही तयारी असेल तरच पुढे जावं.

आकडे प्रत्येक घराचे वेगळे असतील, वजाबाकी मात्र टळत नाही. त्यातही सगळ्यात महाग पडतो तो रिकामा महिना. किराया ३०० रुपयांनी वाढवण्याच्या हट्टात घर एक महिना रिकामं राहिलं, तर वर्षभराची वाढ ३,६०० आणि नुकसान ५ हजार.

इथे एक युक्ती कामी येते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या २००५ च्या कायद्यानुसार साधारणपणे एप्रिल-मे महिन्यात होतात. नवा माणूस शाळा सुरू होण्याआधी घर शोधतो. त्यामुळे करार मे-जूनच्या आसपास संपेल असा बेत ठेवला, तर रिकाम्या घराला नवा किरायेदार मिळण्याची शक्यता जास्त.

घर घेताना काय तपासायचं?

ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला आणि भंडारा शहराच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरलं. म्हणून तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे शेजाऱ्यांना विचारायचं आणि पूररेषेची माहितीही घ्यायची.

प्लॉट अकृषिक झालेला आहे का, ले-आऊट मंजूर आहे का, बांधकामाची परवानगी आहे का, हे बघायचं. विदर्भातल्या जुन्या शहरांत नझूलची जमीन हाही एक विषय असतो. ही सरकारी जमीन असते आणि ती अनेकदा भाडेपट्ट्यावर दिलेली असते. पट्ट्याची मुदत आणि विक्रीच्या परवानगीचा प्रश्न सुटल्याशिवाय इसार देऊ नये.

वीज मीटरही बघायचं. घरगुती विजेचा दर युनिट वाढले की वरच्या टप्प्यात जातो. दोन कुटुंबं एकाच मीटरवर असतील तर बिल फुगतं आणि वाटणीवरून भांडण होतं. दोन्ही भागांना महावितरणचं वेगळं मीटर असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

'११ महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही' हे खरं आहे का?

नाही. आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, असा देशाचा नोंदणी कायदा आहे. त्यावरून ११ महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ वेगळं सांगतं. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यानुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. ही जबाबदारी घरमालकाची. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा धोका म्हणजे करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे सांगेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केली, म्हणजे नोंदणी झाली असं होत नाही.

खर्च किती? दरमहा ५ हजार किराया, २० हजार अनामत आणि ११ महिने असं धरलं, तर एकूण किराया ५५ हजार आणि अनामतीवरचं १० टक्क्यांनी व्याज साधारण १,८३३ रुपये. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास. शंभराच्या पटीत धरलं तरी २०० रुपये. शिवाय नोंदणी फी शहरात १ हजार, ग्रामीण भागात ५०० रुपये. आधारच्या मदतीने ऑनलाइन नोंदणीही होते.

किरायेदाराने घर सोडलं नाही तर?

भाडेकरू म्हणून घर दिलं, तर नियमित भाडं भरणाऱ्याला सहज काढता येत नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये फक्त ठरलेल्या मुदतीपुरती वापराची परवानगी असते. मुदत संपली आणि घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. त्यासाठी हातात नोंदणीकृत करार लागतो.

विदर्भात २००० पूर्वी १९४९ चा सी. पी. अँड बेरार आदेश होता. तेव्हा भाडेकरूला नोटीस द्यायलाही आधी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागायची. 'किरायेदार ठेवला की घर गेलं' ही भीती जुन्या लोकांच्या मनात आहे, ती उगाच नाही.

चिडून नळ किंवा वीज तोडणं मात्र अंगाशी येतं. अत्यावश्यक सोयी विनाकारण बंद करणं हा या कायद्यात गुन्हा आहे.

स्वतःच सांभाळायचं तर?

घर देताना भिंती, पंखे, नळ आणि मीटर रीडिंगचे फोटो काढून दोघांनी सही केलेली यादी करायची. अनामत परत करताना हीच यादी भांडण वाचवते. किराया बँकेत किंवा यूपीआयने घ्यायचा आणि पावती द्यायची. पावती देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पोलिसांच्या संकेतस्थळावर किरायेदाराची माहिती भरायची.

प्राप्तिकरात मिळालेल्या किरायातून भरलेला घरटॅक्स वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के सूट मिळते. वरच्या उदाहरणात १ लाख १० हजारांतून ६ हजार गेले, १ लाख ४ हजारांवर ३१,२०० ची सूट मिळाली आणि करासाठी ७२,८०० रुपये धरले गेले. दुरुस्तीची बिलं वेगळी दाखवता येत नाहीत.

घर घेण्याआधी आणखी एक काम फुकटात होतं. ज्या गल्लीत घर बघितलं, तिथे 'रूम किरायाने देणे आहे' अशा किती पाट्या आहेत आणि त्या किती दिवसांपासून लागल्या आहेत, ते मोजायचं. पाट्या जुन्या असतील तर त्या गल्लीतले रिकामे महिने किती, याचं उत्तर तिथेच मिळतं.