रजिस्टरात नवरीची सही

आपल्याकडे अक्षता पडल्या, हार घातले की पाहुणे पंगतीकडे वळतात. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चमध्ये मात्र शपथा झाल्यावर एक काम उरायचं. नवरानवरी पाळकाच्या टेबलापाशी जायचे आणि एका जाडजूड रजिस्टरात सही करायचे. त्यांच्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या आणि पाळकाची. मैत्रिणींनो, त्या काळी कित्येक बायकांनी जन्मात हातात लेखणी धरली ती या एका क्षणीच.

ही रजिस्टरं फार जुनी. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव. अशा प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत असा हुकूम आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी नव्वदेक वर्षं! पण त्यात नवरीची सही नव्हती. पाळक एका ओळीत दोघांची नावं लिहायचा, झालं.

सही आली ती १७५३ च्या कायद्याने. त्याआधी चोरूनमारून लग्नं फार व्हायची. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास तर पैसे घेऊन कुणाचंही लग्न लावून देणारे पाळक बसलेले असायचे. पुढे नवऱ्याने हात वर केले, तर बाईने पुरावा आणायचा कुठून? नव्या कायद्याने सांगितलं, लग्न चर्चमध्येच व्हायला हवं. आधी तीन रविवार सगळ्या गावासमोर नावं वाचायची, कुणाची हरकत असेल तर त्याने बोलावं. नाहीतर परवाना काढायचा. आणि छापील नमुन्यात सह्या घ्यायच्या. (कायदा करणाऱ्यांना बायकांचा कळवळा आला होता असं समजू नका हं. श्रीमंतांची मुलं पळून जाऊन लग्न करतील आणि इस्टेट भलत्याच्या घशात जाईल, ही त्यांची खरी धास्ती!) तरी बाईच्या हाती साक्षीपुराव्याचा कागद आला, हे काही कमी नाही.

लिहिता न येणारी नवरी फुली मारायची. शेजारी पाळक लिहायचा, ही अमुकीची खूण. १८४० च्या सुमारास इंग्लंडमधल्या जवळजवळ निम्म्या नवऱ्या मुली फुली मारत होत्या, नवरदेवांत तिघांतला एक. मुलींना घरी भावंडं सांभाळायला ठेवायचं आणि मुलांना शाळेत घालायचं, हे तिथेही होतंच. सही करता येणारी नवरी माहेरच्या नावाने सही करायची. बहुतेकींची त्या नावाची ती शेवटचीच सही असेल.

या रजिस्टरांतलं माझं सगळ्यात आवडतं पान हॅम्पशायरमधल्या स्टीव्हनटन या लहानशा खेड्यातलं आहे. तिथले पाळक होते जॉर्ज ऑस्टिन, म्हणजे ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ लिहिणाऱ्या जेन ऑस्टिनचे वडील. रजिस्टर कसं भरायचं ते दाखवायला सुरुवातीला नमुन्याचं पान छापलेलं असायचं. जेनने काय करावं? त्या रिकाम्या जागा आपल्याच लग्नाने भरून टाकल्या! तेव्हा ती किशोरवयात असावी, असं जाणकार म्हणतात. एका ठिकाणी वर लंडनचा, हेन्री फ्रेडरिक हॉवर्ड फिट्झविल्यम, अगदी खानदानी. दुसऱ्या ठिकाणी लिव्हरपूलचा एडमंड आर्थर विल्यम मॉर्टिमर. आणि तिसऱ्या ठिकाणी साधासुधा जॅक स्मिथ. तिथे साक्षीदारही तेच दोघं, जॅक आणि जेन स्मिथ. सरकारी दस्तऐवजात पोरीने खेळ मांडला, आणि पाळकसाहेबांनी पान काही फाडलं नाही.

रजिस्टरात तिची खरी सहीही आहे, पण ती साक्षीदार म्हणून. १७९२ च्या डिसेंबरात तिची मावसबहीण जेन कूपर हिचं लग्न स्टीव्हनटनलाच झालं, तेव्हा जेन आणि तिची बहीण कॅसँड्रा यांनी सह्या केल्या. दोघी बहिणी पुढे अविवाहितच राहिल्या. कॅसँड्राचा वाग्दत्त वर १७९७ मध्ये वेस्ट इंडिजकडे तापाने गेला. जेनला १८०२ मध्ये चांगल्या जमीनदार घरातून मागणी आली. रात्री तिने होकार दिला आणि सकाळी उठून नकार! हुंड्याला पैसा नाही, वय सव्वीस, आणि तरी नकार. मला त्या सकाळचं फार कौतुक वाटतं.

१८३७ पासून रजिस्टरात नवे रकाने आले. वय, धंदा, पत्ता, वडिलांचं नाव, वडिलांचा धंदा. नवरीच्या धंद्याचा रकाना कितीदा कोराच असायचा. गाईंच्या धारा काढणं, लोणी घुसळणं, शेतात राबणं हे धंद्यात धरायचं कुणी? लग्न न झालेलीला शब्द ‘स्पिन्स्टर’. मुळात त्याचा अर्थ सूत कातणारी, पण पुढे तो चांगलाच टोचरा झाला. २००५ मध्ये तो नोंदींतून गेला.

आईच्या नावाला मात्र रकानाच नव्हता. मुलीला वाढवलं आईने, लग्नाच्या दिवशी वेणीफणी केली आईने, आणि कागदावर ती कुठेच नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून लग्नाच्या नोंदीत आईचं नाव येऊ लागलं, म्हणजे तब्बल एकशे चौऱ्याऐंशी वर्षांनी. (आपल्याकडे १ मे २०२४ पासून महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं ठरवलं, ते आठवलं.) त्याच दिवसापासून तिथे नोंदी संगणकावर गेल्या आणि चर्चमधली जाड रजिस्टरं बंद झाली. स्टीव्हनटनचं ते जुनं रजिस्टर आता विंचेस्टरला हॅम्पशायरच्या अभिलेखागारात आहे, जेनच्या तिन्ही नवरदेवांसकट.