डब्यातल्या उरलेल्या गोळ्या

दिवाळीच्या साफसफाईत फळीवरचा जुना बिस्किटांचा डबा खाली आला आणि त्यातून पाच गोळ्या निघाल्या. पाकिटावर दोन नावे : अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. मागे घसा दुखला होता. बरे वाटताच उरलेल्या गोळ्या मी अडीअडचणीसाठी जपून ठेवल्या होत्या. पैसे मोजून आणलेली वस्तू टाकवते कुणाला?

"सर्दी झाली की घेणार होतात ना, मामा?" भाचीने विचारले. ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तेव्हा माझी सुटका नव्हतीच.

सर्दीच्या विषाणूवर या गोळ्यांचे काही चालत नाही, हे तिने आधीच सांगून टाकले. त्या चालतात जंतूच्या भिंतीवर, आणि विषाणूला भिंतच नसते. जंतूभोवती मात्र धाग्यांची विणलेली पिशवी असते. त्या धाग्यांच्या गाठी मारणारा एक कारागीर असतो, म्हणजे एन्झाइम. पेनिसिलिनच्या कुळातले औषध धाग्याच्या टोकासारखेच दिसते. कारागीर फसून ते धरतो. औषधात चार अणूंचे एक ताणलेले कडे असते, ते तटकन उघडते आणि कारागिराच्या हाताला चिकटून बसते. गाठी थांबतात, वाढत्या जंतूची भिंत सैल पडते, आत पाणी शिरते आणि तो फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नाही, म्हणून त्या वाचतात.

"मग जंतू मुकाट्याने मरतात?"

"छे! काहींजवळ कात्री असते. ते कडे आधीच कापून टाकतात."

मला वाटले, ही कात्री अलीकडची असेल. पण ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी तिचे वर्णन १९४० सालीच केले होते! त्याच गावात अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचले, ते त्यानंतर, फेब्रुवारी १९४१ मध्ये. त्याला उतार पडू लागला. पण औषध संपत आले. त्याच्या लघवीतून ते पुन्हा काढून टोचले, तरी पुरले नाही. मार्चमध्ये तो गेला. हे ऐकताना हातातला डबा मला जड वाटू लागला.

पुढे औषधाचा सुकाळ झाला; आपल्या पिंपरीतही १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. कात्रीला दाद न देणारे मेथिसिलिन निघाले, तर १९६१ सालीच इंग्लंडात त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. त्यांनी कारागीरच दुसरा नेमला होता! शिवाय कात्रीची कृती जंतू एकमेकांना देतात, शेजारणी विरजण देतात तशी. अर्धवट औषधाने दुबळे मरतात आणि कात्रीवाल्यांना रान मोकळे होते.

"आणि हे दुसरे नाव?"

"क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल? ते कात्रीला गुंतवून ठेवते, तोवर पहिले आपले काम उरकते. घसा दुखला तेव्हा डॉक्टरांनी किती दिवस घ्यायला सांगितले होते, मामा?"

"सात."

"आणि घेतल्यात किती दिवस?"

मी डबा घासायला घेतला.